सातवी गल्ली हिरव्यात आहे

मेरीमच्या तोंडात बोट घातलं तेव्हा मला वाटलं, सूर्यफुलाचं बी असेल. आपा, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवसभर बिया फोडतात आणि टरफलं पडतील तिथे पडतात. पण बी इतकं गोल नसतं, इतकं जडही नसतं. मोहरीहून मोठा, मिऱ्याहून लहान, लाळेने चकाकणारा एक काळा दाणा माझ्या बोटाच्या टोकावर येऊन बसला, आणि अजून दीड वर्षही पुरं न झालेली माझी मुलगी, आपली वस्तू कुणी हिसकावली म्हणून भोकाड पसरून रडायला लागली. मी तो दाणा माझ्या दाढेखाली धरून दाबला. का, ते आजही सांगता येणार नाही. तिच्या तोंडात गेलं ते आधी माझ्या तोंडात जायला हवं होतं, असं काहीतरी असेल. तो फुटला नाही, जरासा चेपला. शिसं. बंदुकीचा छर्रा. जिभेवर एक गोडसर, निर्लज्ज चव राहिली आणि ती संध्याकाळपर्यंत गेली नाही.

रविवार होता, नोव्हेंबरातला, चांगलं ऊन पडलेलं. आपा अंगणात दोरीवर टाकलेल्या गाद्या काठीने झोडत होत्या, आणि भिंतीपलीकडे, कापलेल्या मक्याच्या शेतापुढे, लव्हाळ्यांच्या रानात बार होत होते. दोन्ही आवाज सारखेच, धप्, धप्, जाड आणि आळशी. मेरीम दोन्हींवर टाळ्या वाजवते. मला त्यांतला फरक कळतो असं मी समजत होते. कधी बारानंतर थोडा वेळ जातो आणि मग आमच्या पत्र्यावर कुणीतरी मूठभर बाजरी फेकल्यासारखा आवाज होतो. तो आवाज कळायला कान लागत नाहीत, तो मला मानेत कळतो.

"काय झालं गं?" एर्मेकने आतून विचारलं. माझा नवरा शिवणकारखान्यात कापड बेततो, सहा दिवस उभा असतो, रविवारी आडवा.

"छर्रा. हिच्या तोंडात होता."

"कोंबड्यातला असेल," आपा काठी न थांबवता म्हणाल्या. "मी सगळे काढले होते काल, पण एखादा राहतोच. पोटात गेला असता तरी काय झालं असतं? याने लहानपणी माझी अंगठी गिळली होती. दोन दिवस पहारा दिला मी, तिसऱ्या दिवशी धुऊन बोटात घातली."

"आणि वरून पडलेला असेल तर?"

"वरून येईतो शिसं थकलेलं असतं," एर्मेक म्हणाला, आणि त्याच्या आवाजात त्या शिशाबद्दल चक्क सहानुभूती होती.

आदल्या दिवशीचा तो कोंबडा आपांनी मागून घेतला होता. लांब शेपटीचा रानकोंबडा, मानेवर हिरवा-निळा पट्टा. सामुदिन बाइके, आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला बाइके म्हणतात, खांद्यावर बंदूक आणि कमरेला तीन पाखरं लटकवून आमच्या भिंतीकडेने त्यांच्या गाडीकडे निघाले होते, आणि आपांनी फाटकातूनच आरोळी दिली, "शिरालगा!" झालं. शिकार घेऊन येणाऱ्याला वाटेत जो भेटेल आणि एवढा एक शब्द उच्चारेल त्याचा वाटा, मग तो शिकारी राजा असो नाहीतर चोर. सामुदिन बाइके थांबले, हसले, कमरेचं पाखरू सोडून दिलं. "घ्या आपा. पोरीला सूप करून पाजा." आणि आपांनी घेणाऱ्याने द्यायचा असतो तो आशीर्वाद दिला, "तुझ्या खोगिराची वादी रक्ताळलेली राहो!" म्हणजे तिला कायम शिकार लटकत राहो. त्या माणसाकडे खोगीर नाही, घोडा नाही, पांढरी जपानी मोटार आहे, पण आशीर्वादाला दुसरा शब्द नाही. आपांचा चेहरा दिवसभर उजळलेला होता. या वस्तीत येऊन दोन वर्षं झाली, त्यांना ना डोंगर दिसतो ना ओळखीचं माणूस. त्या शब्दाने त्यांना कुणीतरी ओळखलं होतं. संध्याकाळी त्यांनी मेरीमला मांडीवर घेऊन सूप पाजलं, आणि दर घोटाला शिकवत राहिल्या, "म्हण, शिरालगा. शि-रा-ल-गा." मेरीम नुसतं तोंड उघडायची. अजून ती काही बोलत नव्हती, मला त्याचीही काळजी होती. मीही ते सूप प्यायले. खोटं कशाला बोलू, चांगलं झालं होतं.

मीदेखील हा शब्द ओरडलेली आहे. आमचं गाव वर डोंगरात, तिथून जवळचा डॉक्टर घोड्यावरून दीड दिवस. काका शिकारीला जायचा आणि पाच-पाच दिवस यायचा नाही, आणि मग एखाद्या दुपारी पलीकडच्या उतारावर एक ठिपका हलायचा, की आम्ही पोरं धावत सुटायचो. चपला हातात घेऊन. जो पहिला पोचेल आणि ओरडेल त्याचा वाटा. मी एकदा पहिली पोचले होते. काकाने घोड्यावरून खाली न उतरता पिशवीतून रानबकरीच्या मांडीचा तुकडा काढून माझ्या हातात दिला, आणि तो अजून गार व्हायचा होता, किंवा माझे हातच इतके गार होते की तो मला गरम वाटला. माझं नाव कुंदुझ. नदीतल्या एका मऊ केसाळ जनावराचं नाव, ज्याच्या कातडीची टोपी सगळ्यांत महाग. त्या दिवशी काका म्हणाला होता, "अरे, हे तर स्वतःच शिकार आहे, याला कसला वाटा?" आणि मी हसले होते. सगळेच हसले होते. आता विचार केला की कळतं, तो वाटा का द्यायचे. तिथे माणूस भेटणं हीच दुर्मिळ गोष्ट होती. पाच दिवस ज्याने फक्त दगड पाहिले, त्याला पहिला माणूस दिसला की तो काहीतरी देऊन टाकायचा. इथे शिकाऱ्याला गाडीपर्यंत जाताना आमची चौदा घरं लागतात.

मी पाच वर्षं ग्रंथालयशास्त्र शिकले आणि मेरीम होईपर्यंत विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. त्या धंद्याने माणसाला एकच अंधश्रद्धा लागते, की कुठेतरी कागद असतोच. कुठे बंदूक चालवायची, घरांपासून किती लांब, हे कुणीतरी कधीतरी लिहिलेलं असणारच. ते शोधायचं, त्यांच्या पुढ्यात ठेवायचं, आणि ते लोक कागद वाचून, टोप्या सरळ करून, माझ्या अंगणापासून दूर निघून जातील. एवढंच मला हवं होतं. मेरीमने अंगणात बसून माती खावी आणि ती नुसती माती असावी.

छर्रा एर्मेकच्या टाचण्यांच्या डबीत घालून, मेरीमला पाठीशी बांधून, दोन मिनीबस बदलून मी शिकार खात्याच्या कार्यालयात गेले. जिन्याच्या तोंडाशी पेंढा भरलेला लांडगा होता, एक डोळा काचेचा, दुसऱ्या जागी बटण. खोलीत क्लारा नावाची बाई होती, पन्नाशीची, म्हणजे मी एजे म्हणायच्या वयाची, थर्मासमधून चहा ओतत असलेली.

"नवऱ्याचा परवाना का? त्याला स्वतः यावं लागतं. बायकांना पाठवतात नुसते."

"परवाना नको, एजे. जागा बघायचीय."

"कुठे मारायचं ती?"

"कुठे मारायचं नाही ती."

तिने कप खाली ठेवला. "तसला नकाशा नसतो बाई. जिथे मारायचं तिथला असतो. उरलेलं सगळं तुझं."

तिला हे बोलून बरं वाटलं असावं, कारण तिने मेरीमला बिस्कीट दिलं आणि भिंतीवरचा नकाशा दाखवायला उठली. शहर करड्या रंगात, रस्ते लाल, आणि शहराच्या वरच्या कडेला हिरव्या तिरप्या रेघा. हिरव्यात शिकार. मी करड्यातून बोट सरकवत बाजार ओलांडला, डेपो ओलांडला, कालव्यापर्यंत आले. कालव्याच्या निळ्या रेघेपाशी करडा रंग संपत होता. पुढे हिरवा. आमची वस्ती कालव्याच्या पलीकडे आहे.

"इथे घरं आहेत," मी म्हणाले.

"कुठे?" तिने चष्मा लावला. "इथे शेत लिहिलंय. इथे लव्हाळी."

"चारशे घरं आहेत, एजे. मी तिथून आले."

"आली असशील. कागद झालेत का?"

कागद सात वर्षं होताहेत. आम्ही जागा घेतली तेव्हाही होतच होते. क्लारा एजेने सुस्कारा टाकला. ती दुष्ट नव्हती. मला दुष्ट बाई भेटली असती तर बरं झालं असतं. तिने ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि मला शाळेतल्या मुलीसारखं समजावून सांगितलं. लोकवस्तीच्या हद्दीपासून दोनशे मीटरपर्यंत बार करायचा नाही. हद्द म्हणजे कालवा. पट्टी कालव्यावर ठेवली की दोनशे मीटर येतात ते इथे. "तुमची गल्ली कितवी?"

"सातवी."

"तिसरीपर्यंत वाचल्या बघ," ती म्हणाली, खरोखर आनंदाने. "तीन गल्ल्यांत कुणी बार केला तर लगेच फोन कर, मी स्वतः माणूस पाठवते. सातवी गल्ली हिरव्यात आहे."

मी टाचण्यांची डबी उघडून छर्रा तिच्या टेबलावर ठेवला. मुलीच्या तोंडात सापडला, म्हणाले. तिने तो तळहातावर घेतला, खिडकीपाशी नेला. "पाच नंबरचा. रानकोंबड्याचाच. नियमात आहे." मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, "घरात कोंबडा शिजला होता का गं?"

मी लाल झाले. कानापर्यंत. क्लारा एजेने छर्रा परत डबीत टाकला आणि झाकण लावून माझ्या हातात दिलं. तरीही मी अर्ज लिहिला. अक्षर चांगलं काढलं. पत्त्याच्या जागी सातवी गल्ली, प्लॉट अकरा असं लिहिल्यावर तिने त्याखाली पेन्सिलीने बारीक लिहिलं, कालव्यापलीकडे. खोडता यावं म्हणून पेन्सिलीने.

परत येताना मिनीबसमध्ये मेरीम झोपली. तिच्या डोक्याचा वास माझ्या हनुवटीखाली, ओल्या भाकरीसारखा, आणि मी त्या वासात नाक खुपसून हिशेब करत होते, तिसऱ्या गल्लीत कोण कोण राहतं. ती लठ्ठ शिक्षिका. तो दारुडा, ज्याची पाच मुलं रस्त्यावरच वाढतात. त्यांची मुलं पट्टीच्या आत. लग्नानंतर जागा बघायला आलो तेव्हा तिसऱ्या गल्लीतही एक तुकडा होता. एर्मेक म्हणाला होता, इथे गटार जवळ आहे, वर जाऊ, वर हवा आहे. आणि मीच म्हणाले होते, हो, वर लव्हाळी किती छान दिसतात.

एर्मेकला सांगितलं तेव्हा तो ताटावरून उठला नाही, पण त्याचं जेवण थांबलं. "अर्ज दिलास? सही करून?"

"मग काय अंगठा लावून देऊ?"

"कुंदुझ, आपण कुणाला दिसत नाही म्हणून उभे आहोत. ते येतील कोंबड्याच्या चौकशीला आणि त्यांना आधी काय दिसेल? कोंबडा? चारशे घरं दिसतील शेतजमिनीवर. या भिंतीच्या एकेका विटेची माती मी पायाने मळलीय."

"तिच्या तोंडात शिसं होतं."

"ते सुपातलं होतं."

"तुला ठाऊक आहे?"

"तुला ठाऊक आहे?"

आपा मध्ये पडल्या. "ज्याचा वाटा खाल्ला त्याच्यावर सरकारात कागद? आमच्याकडे असं कुणी केलं नाही गं. शिकलेल्या पोरींचं पोट वेगळं असतं का?" मग दोन दिवस त्या माझ्याशी मेरीमच्या मार्फत बोलल्या. तुझ्या आईला सांग, चहा झाला. तुझ्या आईला सांग, नळाला पाणी आलंय, की तेही कार्यालयातून विचारून येणार?

पुढच्या शनिवारी मी सामुदिन बाइकेंना गाठलं. ते लव्हाळ्यांच्या काठाला थर्मास उघडून बसले होते. कालवे खात्यात मोजणीदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, नखं कापलेली, कोटाची सगळी बटणं लावलेली. मी काही बोलायच्या आतच त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला तोच नकाशा काढला. म्हणजे त्यांना बातमी पोचली होती.

"बस, सूनबाई. चहा घे. मी बेकायदा माणूस नाही."

"मला माहीत आहे, बाइके. तुमच्याकडे यायच्या आधी मी तो पाहून आले."

"तुझ्या घरापासून मी एकशे साठ पावलं लांब उभा राहतो. कागद म्हणतो चार पावलांवर राहिलास तरी चालेल. पण मी उभा राहतो. घराकडे पाठ करून मारतो."

"पाखरं घराकडे उडतात."

"पाखराच्या मनावर आहे ते." ते खजील झाल्यासारखे हसले. "मी कुठे जाऊ, सांग. माझे वडील इथे यायचे, तेव्हा इथे कोल्हे होते. तुम्ही माझ्या रानात घरं बांधलीत, मी कधी काही म्हटलं? तू म्हणशील तर उद्यापासून येत नाही, शब्द देतो. पण मी गेलो की ही जागा रिकामी राहणार नाही. शहरातली पोरं येतील मोटारी भरून. ती पावलं मोजत नाहीत. बाटल्यांवर मारतात."

मी त्यांचा चहा प्यायले. दुसरं काय करणार? लांबून आमचं घर दिसत होतं, मातीच्या रंगाचं, मातीवर, आणि खरंच नीट बघावं लागत होतं. पत्रा चमकला नसता तर तिथे घर आहे हे मलाही पटलं नसतं. दोरीवर मेरीमचे कपडे होते, एक लाल, दोन पिवळे. त्या माणसाचे डोळे म्हातारे आहेत हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो चहाचं झाकण दोनदा चाचपून लावत होता. मी घरी येऊन कपडे आत घेतले. मग वाटलं, उलट लालच बाहेर हवेत, आणि पुन्हा नेऊन वाळत घातले. वाळलेले.

अर्जाचा परिणाम अकराव्या दिवशी आला. खात्याची गाडी कालव्याच्या पुलापर्यंतच आली. वस्तीत शिरलीच नाही, त्यामुळे घरं दिसायचा प्रश्नच आला नाही, आणि एर्मेकच्या चेहऱ्यावरची आठवड्याची सूज उतरली. दोन माणसांनी पुलाच्या शहराकडच्या टोकाला, मिनीबस थांबते तिथे, खड्डा खणला, सिमेंट ओतलं आणि लोखंडी खांबावर हिरवी पाटी उभी केली. त्यावर छान रंगवलेला रानकोंबडा, आणि खाली: येथून शिकार क्षेत्र सुरू. परवान्याशिवाय शिकार करू नये. पाटीचं तोंड शहराकडे. सात वर्षांत या वस्तीला ना नावाची पाटी मिळाली ना रस्त्याचा दिवा. ही पहिली सरकारी वस्तू, आणि ती माझ्या सुंदर अक्षराने आणली. लोकांनी मला बोल लावला नाही, उलट दोन दिवसांत पाटी उपयोगाची झाली. टॅक्सीवाल्याला सांगायचं, कोंबड्यापुढे उजवीकडे. तिसऱ्या गल्लीतली शिक्षिका मला बसमध्ये म्हणाली, "तुमच्यामुळे निदान खूण तरी झाली हो." मी रोज जाता-येता त्या पाटीच्या मागून येते आणि पुढून जाते. बाजारात मी बाई असते, मिनीबसमध्ये प्रवासी असते. पूल ओलांडला की मी कोण असते, हे तिथे लिहिलेलं नाही. पाखरांविषयी लिहिलंय, तेवढंच.

काल शनिवार होता. बटाट्यांची पिशवी एका हातात, मेरीम दुसऱ्या कडेवर, मी पुलावरून उतरून आमच्या गल्लीला वळले तर समोरून सामुदिन बाइके. कमरेला दोन कोंबडे, शेपट्या गुडघ्यापर्यंत हलताहेत. आम्ही दोघंही थांबलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. वाटेत भेटलेल्या माणसाने तो शब्द म्हणायचा असतो. नाही म्हटला तर तो शिकाऱ्याला वाईट चिंततो असा अर्थ होतो, हे त्यांनाही ठाऊक, मलाही. मी ओठ मिटले. आयुष्यात पहिल्यांदा. इतके घट्ट की दाढेखाली मला पुन्हा ती गोडसर चव आली. माझ्याकडे दुसरा अर्ज नव्हता. नकाशा नव्हता, पट्टी नव्हती. न बोलणं एवढंच माझ्या हातात होतं आणि तेवढं मी करत होते, त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरताना बघत.

आणि माझ्या कडेवरून, कानाच्या अगदी जवळून, आवाज आला, "शि-गा!"

मेरीमने दोन्ही हात पुढे केले होते. दीड वर्षात तिने आई म्हटलं नव्हतं, बाबा म्हटलं नव्हतं. "शिगा! शिगा!" सामुदिन बाइके आधी दचकले, मग इतके हसले की त्यांनी बंदूक खाली टेकवली. डोळे पुसले. "अरे माझ्या राजा! अरे, तूच खरं आपलं माणूस!" त्यांनी मोठा कोंबडा सोडवला, तिच्या हातात मावेना तेव्हा माझ्या पिशवीवर ठेवला, बटाट्यांवर, आणि लांब शेपटीतलं एक पीस उपटून तिच्या मुठीत दिलं. कोंबडा अजून गार व्हायचा होता. किंवा माझे हात गार होते.

ते जागचे हलेनात. घेणाऱ्याचे शब्द राहिले होते, आणि ते मेरीमला येत नाहीत.

"तुमच्या खोगिराची वादी," मी म्हणाले, "रक्ताळलेली राहो."

त्यांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली आणि गाडीकडे गेले. आपा फाटकात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्या रडत होत्या, आनंदाने, पोर बोललं म्हणून. मी आत शिरायच्या आधी पिशवी खाली ठेवली आणि सवयीने मेरीमच्या तोंडात बोट घातलं. गालाच्या आत, जिभेखाली, हिरडीवरून फिरवलं. काही नव्हतं. सहा दात होते, आणि तो शब्द.